बेगमेची फणी

मांजर विंचरणे हे आमच्या शिरोड्यात अजून कुणाला काम वाटत नाही. माडांना शिंपणे हे काम आहे, मासळी खारवणे हे काम आहे, मिठागरात उन्हातान्हात मीठ ओढणे हे तर कामातले काम. पण सत्तरी उलटलेल्या एका पेन्शनर मास्तराने सकाळच्या प्रहरी पडवीत मांडी घालून मांजरीच्या कानामागचे केस सोडवीत बसावे, याला गावाच्या भाषेत नाव नाही; आणि जे आहे ते सणासुदीच्या अंकात छापण्याजोगे नाही. शेजारच्या काकी केळीचे पान कापून परत जाताना एकदा थांबल्या, क्षणभर माझा उद्योग पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मांजराक फणी कित्याक व्हयी रे? देवान जीभ दिल्यान हा मा तेका!"

काकींचा आक्षेप हसून सोडून देण्याजोगा नाही. त्यात दोन प्रश्न आहेत. मांजरीला फणीची गरज आहे काय, हा एक. आणि तिने मागितलेली नसताना तिच्यावर ही सेवा लादणारे आपण कोण, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शास्त्रज्ञांकडे मिळते. दुसऱ्याने मात्र माझी चार वर्षे घेतली, आणि ते उत्तर पुरते हाती आले आहे असे अजूनही म्हणवत नाही.

आमच्या घरी दोन मांजरी आहेत. एक मनी. ती इथलीच, राखी पट्ट्यांची, कुणी न आणता आलेली. तिच्या आईने तिला रिवाजाप्रमाणे सात घरे फिरवली आणि आठवे आमचे निघाले. दुसरी बेगम. ही पांढरीशुभ्र, बसक्या नाकाची, लांब केसांची पर्शियन मांजर माझ्या पुतणीने मुंबईत पाळली होती. पुढे तिची नोकरी परदेशी गेली आणि बेगम एका वेताच्या टोपलीत बसून कोकण रेल्वेने सावंतवाडी स्थानकावर उतरली. मनीला मी आजवर फणी लावलेली नाही. ती तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर बसून पंजा जिभेने ओला करते, तो कानावरून फिरवते, मग एक पाय आभाळाकडे उभारून असे काही योगासन घालते की आमच्या आळीतल्या योगवर्गाने तिकीट काढून पाहावे. अर्ध्या तासात ती आरशासारखी लख्ख होते. बेगमही बिचारी हेच सारे करते. तितक्याच निष्ठेने करते. पण आठ दिवस तिला तसेच सोडले तर तिच्या काखेत आणि मांड्यांमागे लोकरीच्या गोळ्यांसारख्या जटा धरतात, आणि जूनपासून पुढे, जेव्हा समुद्राचे खारे दमट वारे सुटते व दोरीवरचे धोतर तीन तीन दिवस वाळत नाही, तेव्हा आठ दिवसही लागत नाहीत.

याचे कारण मोठे विलक्षण आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या दोघांनी मांजरीच्या जिभेचा बारकाईने अभ्यास केला आणि तो 2018 मध्ये प्रसिद्ध केला. मांजरीची जीभ खरखरीत असते हे ज्याचा हात तिने एकदा चाटला त्याला ठाऊक आहे. त्या जिभेवर शेकडो बारीक, आत वळलेले काटे असतात. या दोघांना असे आढळले की काट्याचे टोक आपल्या कौलारू घराच्या पन्हळीसारखे पोकळ असते. त्या पन्हळीत लाळ आपोआप चढते आणि केसांच्या दाट रानातून थेट कातडीपर्यंत पोचवली जाते. तिथे ती मळ सोडवते आणि वाळताना अंगाला गारवाही देते. मांजरीला घाम म्हणावा असा येतो तो पंजांच्या तळव्यांनाच. वाघ, सिंह यांच्या जिभांवरही असलेच काटे. काटा किती लांब आणि दाबलेल्या केसांचा थर किती जाड, हे मोजले तेव्हा काटा कातडीपर्यंत पोचतो असेच दिसले. अपवाद निघाला तो पर्शियन मांजरीचा. तिचे केस तिच्या जिभेला पुरे पडू देत नाहीत.

म्हणजे काकी म्हणतात ते खरेच आहे. देवाने जीभ दिली, आणि ती पुरेशी दिली. केस मात्र देवाने दिलेले नाहीत.

ते आम्ही दिले. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी 1620 च्या सुमारास इराणात होता. खोरासानच्या लांब केसांच्या मांजरी पाहून तो इतका लुब्ध झाला की त्या आपल्या देशी न्याव्यात असे त्याने लिहून ठेवले. (हाच गृहस्थ 1623 मध्ये गोव्यात येऊन राहिला होता. शिरोड्याहून तेरेखोलची खाडी किती जवळ, हे ज्याने नकाशा पाहिला त्याला सांगायला नको.) पुढे युरोपात या मांजरींची हौस वाढली. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि मग शर्यत लागली. केस अजून लांब, नाक अजून बसके, डोळे अजून वाटोळे. आजच्या पर्शियन मांजरीचे रक्त तपासले तर ते इराणपेक्षा पश्चिम युरोपच्या मांजरांशी अधिक जवळचे निघते असे जनुकशास्त्रज्ञ सांगतात. नाव इराणचे, रक्त युरोपचे, जन्म मुंबईचा आणि मुक्काम शिरोड्याचा. बेगमेला कुळगोत्र विचारण्यात अर्थ नाही. पण शेदीडशे वर्षे माणसाने आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी जोड्या जमवल्या, आणि शेवटी स्वतःचे अंग स्वतः साफ करू न शकणारे एक जनावर तयार केले. एवढे झाल्यावर फणी हा उपकार राहत नाही. ते कर्ज आहे. ते मी काढलेले नाही हे खरे, पण वडिलांचे देणे मुलाने फेडावे ही आपल्याकडची रीतच आहे.

इथे एखादा म्हणेल, मग झाले! कर्ज फेडा, मांजर विंचरा आणि निबंध संपवा. अडचण अशी की सावकाराला हा व्यवहार मान्य नाही.

बेगमेला फणी आवडत नाही. पाठीवर ती सोसते, गळ्याखाली तर मान उंचावून अधिक मागते. पण काखेतल्या जटेला हात लागला की तिची शेपटी जमिनीवर आपटू लागते, कान मागे वळतात, पाठीच्या कातडीवरून एक लाट सरकते. त्यानंतरचा इशारा नखांचा. जट सुटली नाही तर ती रोज थोडी आवळते, चालताना कातडी ओढते, खाली हवा जात नाही, कातडी लाल होते, चिघळते. ओढणे सोसायचे की चिघळणे, हे तिला समजावून सांगता येत नाही. आणि म्हणून प्रश्न उभा राहतो. जिचे भले करायचे तिची ना असेल तर काय करावे?

आपल्या घरांत या प्रश्नाचे एक उत्तर वर्षानुवर्षे चालत आले आहे, आणि ते दिवाळीतच सर्वांत मोठ्याने ऐकू येते. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अजून तारे असताना, थंडीने कुडकुडणारी पोरे अंथरुणातून ओढून काढायची, पाटावर बसवायची, डोक्यावर तेल थापायचे, उटण्याने अंग खरवडून काढायचे, पायाखाली कारीट फोडायला लावायचे. माझ्या लहानपणी हे काम आमच्या आत्येकडे असे. तिच्या हाताला रांगोळीची रेघ जशी सफाईने येई, तसाच उटण्याचा जोरही येई. मी रडे, ओरडे, निसटून पळण्याचा यत्न करी. आत्ये एकच सांगे, "मोठो झालंस की कळात." आणि खरोखरच कळले. आज तो तेलाचा वास आला की मला ती पहाट हवीशी वाटते. त्या दिवशी मी न दिलेली संमती मी पन्नास वर्षांनी दिली, आणि आत्येने केलेली जबरदस्ती मागाहून कायदेशीर झाली. मुलांना वाढवताना आपण सगळे याच उधारीवर चालतो.

मांजर मात्र कधी मोठे होऊन कळवत नाही. बेगम शंभर वर्षे जगली तरी एके दिवशी मान हलवून "तेव्हा जट काढलीत ते बरे केलेत" असे म्हणणार नाही. तिच्याकडून उद्याची पावती नाही.

दुसरे उत्तर मोठ्या माणसांपुरते आहे. आपल्याकडे काही बायांच्या डोक्यात जट होते. ती देवीची मानतात, कापली तर कोप होईल या धाकाने वर्षानुवर्षे ते ओझे वागवतात, मान दुखते, रात्रीची झोप जाते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायांची जट सोडवतात. त्या कामात कात्रीला लागतो तो वेळ थोडा; खरा वेळ लागतो तो बोलण्याला. घरी जायचे, बाईच्या मनातली भीती ऐकून घ्यायची, घरच्यांची समजूत घालायची, आणि तिने हो म्हटल्यावरच कात्री उचलायची. हा मार्ग मला सर्वांत सुंदर वाटतो. पण त्याला भाषा लागते. मांजरीशी माझी भाषा "ये ये" आणि "नको नको" यांच्या पलीकडे गेलेली नाही.

आपल्या तत्त्वज्ञांनी मांजरीचा विचार केला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत दोन पंथ पडले. वडगलै पंथ म्हणतो, माकडाचे पिल्लू जसे आईला घट्ट धरून राहते तसे जीवाने देवाला धरावे. तेंगलै पंथ म्हणतो, मांजरीचे पिल्लू काहीच धरत नाही. आईच त्याला तोंडात उचलून सुरक्षित जागी नेते. पहिला मर्कटन्याय, दुसरा मार्जारन्याय. मला दुसरा फार दिवस प्रिय होता. आता बेगमेच्या सहवासात मला असे वाटू लागले आहे की त्या आचार्यांनी मांजरीचे पिल्लू नीट पाहिले, वाढलेली मांजर पाहिली नाही. पिल्लाला मानेला धरून उचलले की ते पाय जवळ घेऊन निपचित पडते. त्याच्या देहातच ती शरणागती आहे. तसेच वाढलेल्या मांजरीला उचलून पाहा! ती घाबरते, तिला दुखते, ती झुंजते. शरण जाण्याचेही एक वय असते. ते सरल्यावर जो कुणी मानेला धरील तो आई नव्हे.

आणि ज्याला स्वतःला आई म्हणवून घेण्याची फार हौस असते त्याच्याविषयी तर आमच्या गावाला विशेष अनुभव आहे. 1930 च्या मे महिन्यात इथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. समुद्राचे मीठ ज्याच्या दारात त्यानेच त्यावर कर द्यायचा, आणि हे मायबाप सरकार प्रजेच्या कल्याणासाठी चालले आहे असेही मानायचे! भले करणाऱ्याच्या हातात लाठी दिसली की भले कुणाचे हे विचारावे, एवढे शिरोड्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. माझ्या हातात फणी असते. मी तेच मला विचारतो.

विचारले की पुष्कळ गोष्टी गळून पडतात. सुगंधी साबणाने मांजरीला आंघोळ घालणे, हे कुणासाठी? मराठीला हे केव्हाच कळले आहे. नाहीतर "भिजल्या मांजरासारखा" हा दीनवाणेपणाचा वाक्प्रचार झाला नसता. तिला तो वास नको असतो, आपल्या नाकाला हवा असतो. फोटोसाठी अंगावरचे केस उतरवून सिंहासारखी आयाळ ठेवायची, ही आजची मोठ्या शहरांतली टूम, हीदेखील तशीच. सोफा फाटतो म्हणून नखे समूळ काढून टाकणे, याला तर दुसरे नाव हवे. कारण त्यात नख नव्हे, बोटाचे शेवटचे पेरच कापले जाते. न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये ते बेकायदा ठरवले. आपल्याकडे 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या प्रश्नाचा पाठपुरावा केला, त्यातून तो पुढे आला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याचे ते कर्तव्य मानतो. मालकाचा हक्क असे तिथे म्हटलेले नाही.

उरते ते थोडे असते, आणि ते चांगले करावे लागते. विरळ दात्यांची धातूची फणी. जट आढळली तर तिच्यावर पाणी घालू नये, ती अधिक आवळते. चिमूटभर मक्याचे पीठ चोळून बोटांनीच ती केसागणिक मोकळी करावी, आणि मुळाशी, कातडीलगत, दोन बोटांत केस धरून ठेवावेत म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. कात्री लावू नये. मांजरीची कातडी पातळ असते आणि जटेबरोबर तंबूसारखी वर उचलली जाते. नखांचे फक्त पारदर्शक टोक कापावे, आतली गुलाबी शीर दिसते तिच्यापासून दूर राहावे. मिशांना हात लावू नये. आणि फिनेल, कुत्र्यांच्या गोचिडांची औषधे, असले काहीही तिच्या अंगाला लावू नये. कुत्र्याला जे चालते ते मांजरीला विष होऊ शकते, आणि जे तिच्या अंगावर पडले ते ती चाटून पोटात घेणारच. बाहेरून लावायचे औषध असा प्रकारच तिच्या संसारात नाही. शेपटी आपटू लागली की थांबावे. जट अर्धी राहिली तर अर्धी राहू द्यावी. उद्या आहे.

हे "थांबावे" मी लिहिले खरे, पण त्याचे खरे वजन मला आत्येने दाखवले.

उटणे लावणारी तीच ही आत्ये. लग्नानंतर सहा वर्षांनी विधवा होऊन माहेरी आली ती इथेच राहिली. आज ती नव्वदीला टेकली आहे. दोन वर्षांपासून तिची स्मृती ओसरत चालली आहे. मला ती कधी भाऊ समजते, कधी पोस्टमन. तिचे केस मात्र अजून कमरेपर्यंत आहेत, बेगमेसारखेच पांढरे, आणि तिला ते विंचरू देववत नाहीत. "केस माझे आसत, तुझे न्हय," असे ती आमच्या सौभाग्यवतीला बजावते. हे वाक्य इतके बिनतोड आहे की ज्याची बुद्धी गेली असे आपण म्हणतो त्याच्या तोंडून ते येते याचे मला प्रत्येक वेळी आश्चर्य वाटते. सणाला जमलेल्या एका नातलगांनी सुचवले, कापून टाका, तिला आता काय कळते, तुमचाही त्रास वाचेल. सूचना चांगल्या मनाची होती. पण याच घरात, आत्येच्या आजीचे केस एका दिवशी तिला न विचारता उतरवण्यात आले होते. नवरा गेला म्हणून. तेही तिच्या भल्यासाठीच होते, या लोकी नाही तर परलोकी. आणि घरातल्या एकालाही त्यात आपण काही वावगे करतो आहोत असे वाटले नसणार.

आत्येला आता "मोठी झालीस की कळेल" असे सांगता येत नाही. बोलून समजूत घालावी तर दुपारपर्यंत ती समजूत विरते. मुलाची वाट बंद, जट सोडवणाऱ्या कार्यकर्त्यांची वाट बंद. उरते ती बेगमेची. एके दिवशी सौभाग्यवतीने फणी आत्येच्या डोक्याला न लावता तिच्या हातात दिली. आत्येने ती उलटसुलट पाहिली, वास घेतला, आणि समोरच्या बटांवरून स्वतःच दोनदा फिरवली. मग हात दुखला म्हणून खाली ठेवली. तेवढ्यात मागचे केस धरू दिले. त्या दिवशी अर्धे डोके झाले. दुसऱ्या दिवशी तिने फणी भिरकावली आणि काहीच झाले नाही. केस फडक्यात बांधून ठेवले. कातडीला इजा होत नाही तोवर कात्री लावायची नाही असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. कधी कधी माझ्या मनात येते, हेही तिच्यासाठी की आमच्यासाठी? लांब केसांची आत्ये ही आमच्या आठवणीतली आत्ये आहे, ती जपण्याचा हट्ट आमचाही असेल. असेल. पण चूक व्हायचीच असेल तर ती केस राहण्याच्या बाजूने व्हावी. कापलेले केस तिच्या हयातीत पुन्हा कमरेपर्यंत येणार नाहीत.

गेल्या गणपतीत पुतणीचा फोन आला. आता ती परत आली आहे, पुण्यात घर घेतले आहे. तिच्या मैत्रिणीकडे पर्शियन पिल्ले झाली होती. त्यातले एक, निळ्या डोळ्यांचे, ती माझ्याकडे पाठवू पाहत होती. बेगमेला सोबत होईल म्हणाली. मी तिला हिशेब सांगितला. बेगम सहा वर्षांची. अशा मांजरी बारा-पंधरा वर्षे जगतात. मी एकाहत्तर. पिल्लू आले तर त्याच्या शेवटच्या पावसाळ्यात फणी कुणाच्या हातात असेल? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटले, लाइन गेली. मग म्हणाली, "काका, पिल्लू नको. पण बेगमेला कसं विंचरायचं ते मला शिकवशील?"

तिचे तिकीट धनत्रयोदशीचे आहे.